मातीच्या दिवशी पेटलेली चूल

फादर, तुमच्या मातीच्या दिवशी आपल्या घरातली चूल पेटलेली होती. पेटवणारा मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसरं काहीही लिहायला घेतलं की हात फिरून तिथंच येऊन थांबतोय.

तुमच्या हाताखालचे तरुण फादर डेनिस म्हणाले, "इनास, तू बारा वर्षं त्यांच्याजवळ होतास. आठवणी लिहून दे, आपल्या मासिकाला पाठवू." मी म्हटलं, माझी शाळा पाचवीत सुटली, माझ्या लिहिण्यात काय असणार? ते म्हणाले, "बोलतोस तसं लिही." आता मी बोलायचो ते तुमच्याशीच. वसई सोडून इकडं हिंगोलीकडं आल्यावर पहिली दोन वर्षं इथल्या लोकांचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं त्यांना. म्हणून तुमच्याशीच बोलतो. तुमचा जन्म, तुमची दीक्षा, तुम्ही कुठं कुठं काम केलं, ते बिशपसाहेबांनी तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सात सांगितलं. त्यातलं बरंचसं मला नवीन होतं. तुमचं नाव एवढं लांबलचक होतं हेही मला त्या दिवशीच समजलं.

मला माहीत असलेलं वेगळंच आहे. तुम्ही बैलांना भ्यायचात. हे गावात फक्त मला आणि बैलांना माहीत होतं. पोळ्याला लोक बैल सजवून मारुतीला न्यायचे आणि तिथून आपल्या अंगणात आणायचे. "फादरबाबा, आमच्या बी बैलावर पाणी शिंपडा," म्हणायचे. तुम्ही ओट्यावरून खाली उतरायचा नाहीत. कडुनिंबाची लांबातली लांब फांदी मला तोडायला लावायचात आणि तिनं लांबूनच तीर्थ उडवायचात. एकदा किसनराव देशमुखांच्या बैलानं ती फांदीच तोंडात धरली आणि ओढली. तुम्ही फांदी सोडेनात, बैल सोडेना. शेवटी बैलाला फांदी मिळाली. तुम्ही झगा सावरत मला हळूच म्हणालात, "आशीर्वाद गिळला त्यानं. आता वर्षभर बघायला नको."

शुक्रवारचं आपलं भांडण तर अर्धंच राहिलं. आपल्याकडं शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात. मी समुद्रकाठचा माणूस. सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे घेऊन कुणी आलं की मला सण झाल्यासारखं व्हायचं. इकडं उपास म्हणजे भगर, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका शुक्रवारी किसनराव आपल्याकडं बसायला आले, आणि तुमच्या ताटात तळलेले मासे.

"फादर, आज जेवण लवकर?"

"उपास आहे ना आज," तुम्ही म्हणालात.

किसनरावांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "असला उपास असंल तर मी बी तुमच्या धर्माचे दोन-चार दिवस धरतो."

ते गेल्यावर तुम्ही ताट सरकवून ठेवलंत. पुढच्या शुक्रवारपासून भगर. भगर तुम्हाला अजिबात आवडत नव्हती. चमचा हातात धरून तुम्ही तिच्याकडं असं बघायचात की मलाच पाप लागेल असं वाटायचं. मी म्हणायचो, "फादर, नियमात मासे चालतात." तुम्ही म्हणायचात, "नियमात चालतात, गावात चालत नाहीत." मी म्हणायचो, "मग रोम मोठं की हे गाव?" तुम्ही म्हणालात, "शुक्रवारी गाव. शनिवारी बघू." आणि शनिवारी सकाळीच स्वयंपाकघरात डोकावून विचारायचात, धरणावरून कोणी आलं का.

आणीबाणीत नसबंदीवाले गावात आले तेव्हा माणसं शेतात पळाली. पारावर दोन म्हातारे राहिले होते. ते म्हणाले, "फादरबाबाला घेऊन जा. त्यायला तसंबी कुठं काय लागून राहिलं?" हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. पण जेवताना मला म्हणालात, "इनास, माझं केलं तर माझ्या बदल्यात गावातला एखादा गडी सोडतील का?" मला वाटलं चेष्टा चाललीय. तुमच्या तोंडावर चेष्टा नव्हती. मी म्हटलं, "फादर, हे चर्चला चालेल का?" तुम्ही म्हणालात, "तेच बघतोय, कुठं बसवता येतं का." नंतर कळलं की साठी उलटलेला, त्यात बिनलग्नाचा माणूस त्यांना नको होता. तेव्हा तुम्ही जरा खट्टू झालात. मी ते बघितलं होतं.

असं सगळं लिहीत बसलो तर बरं वाटतं. पण मला ते भाकरीचं लिहायचं आहे.

माझी आई गेली त्याची तार इथं पोचली तेव्हा तिकडं तिची माती होऊन गेली होती. तुम्ही तार वाचून दाखवलीत. मी ऐकलं आणि सवयीनं उठून डाळ धुवायला लागलो. मला दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. तुम्ही मागून आलात आणि पातेलं माझ्या हातातून काढून घेतलंत. "आज तू चुलीपाशी जायचं नाही," म्हणालात. आणि तुम्ही स्वतः ज्वारीची भाकरी करायला बसलात. झग्याच्या बाह्या वर, दाढीला पीठ. मी तांदळाच्या भाकरीच्या मुलखातला, मलाच ज्वारी थापायला दोन वर्षं लागली होती. तुमची भाकरी एका बाजूनं कोळसा, एका बाजूनं कच्ची. वर तुम्ही तिच्यावर साखर घातलीत. मी खाल्ली. रडत रडत खाल्ली. भाकरीसाठी रडतोय की आईसाठी, ते तुम्ही विचारलं नाहीत.

सकाळी बौद्ध वस्तीतल्या अनुसयामावशी टोपली घेऊन दारात. त्यांना आदल्या दिवशीच कुणीतरी सांगितलं होतं. उरलेली भाकरी त्यांनी उचलून बघितली. "फादरबाबा, ही भाकर हाय का खापर?" मग खाली बसून मला वाढलं, आणि तुम्हाला समजावून सांगितलं की ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात चूल पेटवू द्यायची नसते, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. तुम्ही वर्गातल्या पोरासारखे मान हलवत होतात.

त्या दिवसापासून गावात कुणीही गेलं की तुम्ही मला भाकरी-बेसन करायला लावायचात. आपल्या पंथाचा असो, बौद्ध असो, मराठा असो, कुणीही. तुम्ही पुढं, मी टोपली घेऊन मागं. काही घरांत आपली भाकरी चालायची नाही. तोंडावर कुणी नको म्हणायचं नाही, "ठेवा तिथं," म्हणायचं. किसनरावांचे वडील गेले तेव्हा आपली टोपली गोठ्यात गेली. मी बघितलं आणि पेटलो. "फादर, बैलांना घातली." तुम्ही म्हणालात, "बैलांनी खाल्ली ना? मग घरात गेलीच म्हणायची. पुढच्या वेळी माणसांपर्यंत जाईल." मी म्हटलं, असं किती वेळा अपमान करून घ्यायचा? तुम्ही म्हणालात, "तुला लाज वाटते का?" मी म्हटलं, वाटते. "मग टोपली मी धरतो," म्हणालात, आणि त्यानंतर खरंच टोपली तुम्हीच धरायला लागलात. म्हाताऱ्या माणसाच्या हातात टोपली आणि मी मागून मोकळा. तेव्हा तर जास्तच लाज वाटायची, पण परत मागायचीही लाज वाटायची.

आता तो दिवस.

तुम्ही रात्री झोपलात आणि सकाळी उठला नाहीत. फादर डेनिसनी कळमनुरीला जाऊन तारा केल्या, फोन केले. दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब आले, औरंगाबादेकडून धर्मगुरू आले, सिस्टर आल्या, जीपा धुळीनं भरलेल्या. फादर डेनिसचा चेहरा एवढासा झाला होता. मंगळूरहून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालंय. ते मला म्हणाले, "इनास, लोक पहाटे निघालेत. बिशपसाहेबांना साखरेचा त्रास आहे, वेळेवर खायला लागतं. काहीतरी कर."

काहीतरी म्हणजे त्यांनी भातही म्हटलं नव्हतं आणि कोंबडीही म्हटलं नव्हतं. कोंबड्या मी ठरवल्या.

खरं सांगतो, फादर. मला तुमचं दुःख नंतर झालं. आधी भीती वाटली. तुम्ही गेलात, आता मला कोण ठेवणार? वसईला घर भावांचं झालंय. मासेमारीची बोट सोडून झाली, शेती मला येत नाही, लिहिता येतं ते असलं. मला वाटलं, आज जेवण चांगलं झालं तर ही मोठी माणसं म्हणतील, या माणसाला इथंच राहू द्या. म्हणून खुराडं रिकामं केलं. तुमची मिस्सा चालू होती, गाणं ऐकू येत होतं, आणि मी मागच्या बाजूला पिसं काढत होतो. मूठभर माती टाकायला धावत आलो तर हाताला हळद-तिखट तसंच. माती हाताला चिकटून राहिली, खाली पुरती पडलीच नाही. तुमच्यावर माझी अर्धीच मूठ पडलीय.

परत येऊन रश्शात पाणी घातलं आणि मागच्या दाराशी बांगड्यांचा आवाज आला. अनुसयामावशी पुढं. त्यांच्या मागं वस्तीतल्या बाया, मराठ्यांच्या आळीतल्या दोघी-तिघी, सगळ्यांच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेल्या टोपल्या. आणि सगळ्यांत शेवटी, जरा लांब, किसनराव देशमुखांचा गडी, हातात पितळी डबा. फादर, देशमुखांच्या घरातून आपल्याकडं अन्न आलं होतं. तुम्ही इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीत ते चालत दारात आलं होतं, आणि दार उघडायला मी होतो.

मावशींनी आत बघितलं. "इनास, चूल काहून पेटली रे?"

"पाहुणे आलेत, मावशी."

"पाव्हण्यायलाच आणलंय की. भाकर हाय, बेसन हाय, ठेचा हाय. समद्यायला पुरंल."

मागून कुणीतरी बोललं, "कोंबडी शिजून राहिली वाटतं."

"वास तर तसाच हाय," दुसरी म्हणाली.

मावशी त्यांच्याकडं न बघता मला म्हणाल्या, "बाबू, तुझ्या घरचं माणूस गेलं ना रे?"

तेवढ्यात जेवणाच्या खोलीतून एक तरुण फादर डोकावले. पांढरा स्वच्छ झगा, हातात पाण्याचा रिकामा जग. त्यांनी बायांकडं बघितलं, टोपल्यांकडं बघितलं आणि हिंदीत विचारलं, खाना तयार है क्या? अगदी साधं विचारलं. भुकेलेला माणूस विचारेल तसं.

आणि मी त्यांना ऐकू जाईल असं मावशींना म्हणालो, "माझ्या घरचं कुठं? मी इथला स्वयंपाकी. नोकर माणूस. सांगितलं ते करायचं."

मावशींनी टोपलीवरचं फडकं सरकलं होतं ते नीट केलं. "चला गं," म्हणाल्या. बाया वळल्या. देशमुखांचा गडी बिचारा गोंधळला. डबा ठेवावा की न्यावा त्याला समजेना. मग तोही गेला. तुमच्या ओल्या मातीजवळून सगळी रांग गेली.

जेवण छान झालं. बिशपसाहेबांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. जाताना ते फादर डेनिसना म्हणाले, स्वयंपाकी चांगला आहे, त्याला सोडू नका. म्हणजे मला जे पाहिजे होतं ते मला मिळालं. ज्या शिष्यानं शेकोटीपाशी बसून आपल्या गुरूला ओळख दिली नाही, त्याची बायबलातली गोष्ट तुम्ही दरवर्षी ईस्टरआधीच्या पुण्य आठवड्यात वाचून दाखवायचात. त्याला निदान कोंबड्यानं आरवून जागं केलं. माझ्याकडं आरवायला कोंबडा उरला नव्हता. मीच कापला होता.

त्यानंतर आपल्या मागच्या दाराला कुणी आलं नाही. डोळ्यांत औषध घालून घ्यायला नाही, काडेपेटी मागायला नाही. दूधवाला पोरगा दूध फाटकाशी ठेवून जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी फादर डेनिस ताटावरून म्हणाले, "इनास, लोक रागावलेत का? काल मी नमस्कार केला तर एक म्हातारा दुसरीकडं बघायला लागला."

मी सगळं सांगितलं. नोकर माणूस म्हणालो तेही सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे आपण भाकरी फेकली."

"फेकली नाही, फादर. परत पाठवली."

"तेच झालं." मग म्हणाले, "ते असते तर काय केलं असतं?"

"लगेच गेले असते."

"लगेच?"

"चहा पिऊन," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघांनाही हसता येईना. मी उठलो आणि चुलीत पाणी ओतलं. वाफ झाली, राख उडाली. फादर डेनिस दारात उभे होते. त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "चहा पण नाही?" मी म्हटलं, नाही.

दिवस कलताना वस्तीत गेलो. मावशी ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाव्हणे गेले?"

"गेले."

"जेवले पोटभर?"

"जेवले, मावशी."

"चांगलं झालं." सुपातले खडे अंगणात टाकले. मी उभाच. "आता काय काम काढलंस?"

"चूल विझवून आलोय."

"काहून? सरपण सरलं?"

मी म्हटलं, "भाकरी मागायला आलोय."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "आमी सुतकबितक कवाच सोडलं, इनास. बाबासाहेबानं सांगितलं, आमी सोडलं. पण माणूस गेलेल्या घरात सैपाक करायला लावायचा, हे काय माणसाचं वागणं व्हय? भाकर आमी सोडली न्हाई." सूप खाली ठेवलं. "मला एक सांग. तुझ्या त्या बिशपाला तू इचारलंस का, ही भाकर खाता का म्हणून?"

"नाही."

"त्या जगवाल्याला इचारलंस?"

"नाही."

"म्हणजे आमची भाकर त्यायला चालंल का न्हाई, हे तूच ठरवलंस."

फादर, हेच होतं. नोकरीची भीती होतीच, ती खोटी नाही. पण तो पांढरा झगा दारात आला आणि मला त्या टोपल्यांची लाज वाटली. त्या कुणाच्या घरून आल्यात याची लाज वाटली. बारा वर्षं तुमच्या मागं फिरून मी एवढंच शिकलो होतो. बिशपसाहेबांनी कदाचित आनंदानं खाल्ली असती. मी त्यांना विचारायची संधीसुद्धा दिली नाही. मावशींना मी म्हणालो, "व्हय. मीच ठरवलं."

आत मावशींची सासू खाटेवर होती, तिला आता दिसत नाही. ती आतून ओरडली, "कोण आलंय गं?"

मावशी थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. "फादरबाबाच्या घरचं हाय," म्हणाल्या.

"जेवलं का ते?"

"न्हाई."

"मंग वाढ की. दारात काहून उभं करून ठिवलंस लेकराला?"

मी लेकरू राहिलेलो नाही, तिशी उलटली. पण आत जाऊन बसलो. मावशींनी भाकरी, बेसन, कांदा पुढं ठेवला. मी खाली मान घालून खात होतो. तार आली त्या दिवशी जसं रडलो होतो तसं रडू आलं, आता कुठं. मावशी समोर बसून होत्या. "हळू खा," म्हणाल्या, "कोणी पळवून न्हाई राहिलं." निघताना फादर डेनिससाठी वेगळं बांधून दिलं आणि म्हणाल्या, "उद्या बी येईन. परवा देशमुखाच्या घरचं येईल, मी सांगून ठिवते. चूल मी सांगंल तवा पेटव."

अजून त्यांनी सांगितलेलं नाही. चूल बंद आहे, फादर. फादर डेनिसना सकाळचा चहासुद्धा मिळत नाही, आणि ते काही बोलत नाहीत.